कांबळ्याचे पैसे भरून देणारा सेनापती

प्रश्न थोडक्यात असा आहे: जाफर अल-अस्करी आधी तुर्कांच्या बाजूने इंग्रजांशी लढले, मग इंग्रजांच्या बाजूने तुर्कांशी लढले, पुढे इराकचे दोनदा पंतप्रधान झाले आणि १९३६ मध्ये इराकी सैन्यातल्याच अधिकाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. अशा माणसाला संधिसाधू म्हणायचं का? आणि इराकच्या राजेशाहीबद्दल वाचताना पानापानावर पुन्हा पुन्हा पंतप्रधान झालेले नुरी अल-सईद भेटतात, मग जाफर का भेटत नाहीत?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. नुरी १९५८ पर्यंत जगले आणि राजेशाहीबरोबरच संपले. जाफर बाविसेक वर्षं आधी गेले. जो शेवटपर्यंत रंगमंचावर असतो त्याच्याच नावाने नाटक ओळखलं जातं. दोघांचं नातं मात्र लक्षात ठेवा. जाफर यांची बहीण नुरींना दिलेली आणि नुरींची बहीण जाफर यांना. आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात, अगदी तेच. हे नातं शेवटी राजकारणात कसं उतरलं ते पुढे येईलच.

पहिल्या प्रश्नाला वेळ लागेल. पश्चिम आशियाचा इतिहास मी पंचवीसेक वर्षं शिकवला, आणि दर वर्षी कुणीतरी हा ‘संधिसाधू’ शब्द वापरतोच. माझं म्हणणं असं की हा शब्द त्यांना १९१६ साठी लावणं चूक आहे. लावायचाच तर १९२४ साठी लावता येईल, आणि तिथेही मी दोनदा विचार करेन.

जन्म १८८५ चा, बगदादचा. वडील ऑटोमन सैन्यात अधिकारी. ‘अस्कर’ म्हणजे सैन्य, म्हणून आडनाव पेशावरून पडलं असावं असं वाटतं, पण ते किर्कुकच्या बाजूच्या अस्कर नावाच्या गावावरून आलेलं आहे. त्या वेळी इराक नावाचा देश नव्हता. बगदाद, बसरा आणि मोसुल असे ऑटोमन साम्राज्याचे तीन प्रांत होते. बगदादच्या मध्यमवर्गीय सुन्नी घरातल्या हुशार मुलाला वर चढायची एकच सरळ शिडी होती: लष्करी शाळा, मग इस्तंबूलची लष्करी अकादमी. तिथे शिक्षण फुकट, जेवण सरकारी आणि बाहेर पडताना खांद्यावर फीत. जाफर याच शिडीने गेले, नुरीही याच शिडीने गेले. पुढे इराकच्या राजेशाहीत पंतप्रधानपद ज्यांच्यात फिरत राहिलं त्यांतले कितीतरी जण याच वर्गांतून आलेले. जाफर यांना पुढच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं गेलं. १९१० ते १९१२ ते तिथे होते, जर्मन उत्तम शिकले. अरबी, तुर्की, कुर्दी, फारसी होतीच. फ्रेंच आणि इंग्रजीही आली. भाषा गोळा करण्याचा त्यांना नादच होता म्हणा ना.

महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते ऑटोमन अधिकारी होते आणि ऑटोमन अधिकाऱ्याने जे करायचं ते त्यांनी केलं. जर्मनांकडून आयर्न क्रॉस मिळवला. मग त्यांना लिबियाच्या किनाऱ्यावर पाठवलं गेलं, सनुसी पंथाच्या लढवय्यांना शिस्त लावून पश्चिमेकडून इजिप्तमधल्या इंग्रजांना त्रास द्यायला. वाळवंटातली ही छोटी मोहीम फारशी कुणाला माहीत नसते. जाफर यांच्यापुरता तिचा शेवट २६ फेब्रुवारी १९१६ ला इजिप्तमधल्या अगागिया इथे झाला. डॉर्सेट यीओमन्री या इंग्रज घोडदळाने उघड्या मैदानातून मशीनगनच्या माऱ्यावर सरळ चाल केली. त्यांच्या कर्नल साउटरचा घोडा गोळी लागून कोसळला आणि साउटर स्वतः जाफर यांच्या जवळच येऊन पडला. जाफर तलवारीच्या घावाने जखमी झाले होते. ते पकडले गेले आणि कैरोच्या किल्ल्यात पोचले.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो, कारण तिचा धागा आपल्याकडे येतो. जाफर कैरोत इंग्रजांच्या कैदेत होते त्याच वसंतात, २९ एप्रिल १९१६ ला, त्यांच्या जन्मगावापासून दीडेकशे किलोमीटरवर असलेल्या कुत इथे इंग्रजांची फौज तुर्कांना शरण गेली. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. म्हणजे बगदादचा माणूस इंग्रजांचा कैदी आणि सातारा-रत्नागिरीकडची माणसं बगदादच्या रस्त्याने तुर्कांचे कैदी. कोण कोणासाठी लढत होतं, हा प्रश्न त्या युद्धात एकट्या जाफर यांना पडलेला नव्हता.

कैदेतला किस्सा प्रसिद्ध आहे. जाफर यांनी पळून जायचं ठरवलं आणि कांबळी फाडून, पट्ट्या गाठवून दोर केला. योजना बरी होती, पण देह अवाढव्य. अर्ध्यात दोर तुटला, ते खाली आदळले, घोटा दुखावला आणि ते परत पकडले गेले. बरे होत असताना त्यांनी फाटलेल्या कांबळ्याची किंमत भरून दिली. कैद्याने पळण्याच्या दोराचे पैसे चुकते करावेत, ही जाफर यांची खूण. पुढचं सगळं आयुष्य समजून घेताना मला हा किस्सा उपयोगी पडतो.

आता मुद्द्याची जागा. बाजू बदलली ती कशी? ६ मे १९१६ ला सीरियाचा ऑटोमन प्रमुख जमाल पाशा याने बैरूत आणि दमास्कसच्या चौकांत अरब पुढाऱ्यांना फाशी दिली. त्यांत लेखक होते, पत्रकार होते, संसदेत बसलेले लोक होते. जाफर आणि नुरी दोघेही ‘अल-अहद’ या अरब अधिकाऱ्यांच्या गुप्त संघटनेतले, तेव्हा हे लोक त्यांना परके नव्हते. फाशीची बातमी जाफर यांना कैदेत कळली. जूनमध्ये मक्केचे शरीफ हुसेन यांनी तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं. जाफर यांनी त्या बंडात जायचं ठरवलं.

संधिसाधू माणूस जिंकणाऱ्याकडे जातो. त्या वेळी जिंकत कोण होतं? कुत नुकतंच पडलेलं, गॅलिपोलीतून इंग्रज माघारी गेलेले, आणि शरीफांचं बंड म्हणजे थोडे उंट, थोडं सोनं आणि बरीच आश्वासनं. शिवाय शरीफ हुसेन यांना ऑटोमन तालमीतले अधिकारी नकोच होते, त्यांचा संशय जात नव्हता. जाफर यांना घ्या म्हणून आग्रह धरला तो हुसेन यांचा मुलगा फैसल याने. सुखाने कैदेत बसून युद्ध संपायची वाट पाहण्याचा पर्याय होता. तो सोडून ते पराभवाची शक्यता जास्त असलेल्या बाजूला गेले. याला काय म्हणायचं ते म्हणा, संधी साधणं म्हणता येणार नाही.

फैसलकडे जाफर यांचं काम कंटाळवाणं होतं आणि म्हणूनच महत्त्वाचं. पळून आलेले आणि कैदेतून सुटलेले अरब सैनिक जमवून त्यांची कवायती फौज उभी करणं. अकाबा हे तळाचं ठिकाण झाल्यावर ही फौज तिथून उत्तरेला सरकत गेली. बंडाच्या कथांमध्ये उंटांच्या धाडी येतात. खंदक खणणारे, तोफा ओढणारे, एप्रिल १९१८ मध्ये मआनवर हल्ला करून मार खाणारे जाफर यांचे सैनिक क्वचितच येतात. युद्धाच्या शेवटाकडे जनरल ॲलनबीने त्यांना पॅलेस्टाइनमध्ये एक इंग्रजी मानचिन्ह दिलं. सलामी द्यायला मुद्दाम कुणाची तुकडी उभी केली? डॉर्सेट यीओमन्रीची! ज्यांनी त्यांना पकडलं त्याच घोडेस्वारांकडून जाफर यांनी सलामी घेतली आणि या योजनेवर ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसले असणार. एका छातीवर जर्मन आयर्न क्रॉस आणि इंग्रजी मानचिन्ह, दोन्ही.

फैसलचं सीरियातलं राज्य दोन वर्षंही टिकलं नाही. जाफर त्या काळात अलेप्पोचे राज्यपाल होते. जुलै १९२० मध्ये फ्रेंचांनी मैसलूनला अरब फौज मोडली आणि फैसल हद्दपार झाला. त्याच उन्हाळ्यात इराकमध्ये इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव पेटला होता. तो दडपायला इंग्रजांना हिंदुस्थानातून पलटणी आणाव्या लागल्या आणि सुमारे चार कोटी पौंड खर्च आला असं म्हणतात. लंडनच्या खजिन्याने डोळे पांढरे केले. इराकचं राज्य, इराकचा राजा आणि इराकचं सैन्य या तिन्हींच्या जन्माचं खरं कारण हा हिशेब आहे. स्वतःची फौज परवडेना म्हणून त्यांना स्थानिक सरकार हवं होतं.

१९२० च्या अखेरीस बगदादचे वृद्ध नकीब (पैगंबरांच्या वंशजांचे प्रमुख) अब्द अल-रहमान अल-गैलानी यांचं हंगामी सरकार बनलं. त्यात जाफर संरक्षणमंत्री झाले. मंत्री होते, सैन्य नव्हतं. मार्च १९२१ मध्ये चर्चिलने कैरोला परिषद घेतली तेव्हा या सरकारतर्फे दोन मंत्री गेले: जाफर आणि अर्थमंत्री ससून एस्केल. (ससून हे नाव पुण्या-मुंबईत रुग्णालयाचं आणि गोदीचं म्हणून ओळखीचं आहे. ते बगदादच्या ज्यू समाजातलंच नाव. मुंबईला आलेले डेव्हिड ससून मूळ बगदादचे.) या परिषदेत फैसलला इराकचा राजा करायचं आणि देशावर पकड ठेवण्याचं काम मुख्यतः ब्रिटिश हवाई दलाकडे द्यायचं ठरलं. २३ ऑगस्ट १९२१ ला राज्याभिषेक झाला. राष्ट्रगीत तयार नव्हतं, म्हणून बँडने ‘गॉड सेव्ह द किंग’ वाजवलं. नाणंही रुपयाच होतं आणि १९३२ पर्यंत रुपयाच राहिलं. हिंदुस्थान सरकारची सावली इतकी लांब पडलेली होती.

सैन्याची स्थापना ६ जानेवारी १९२१ ची धरतात. पहिल्या पलटणीला नाव दिलं इमाम मूसा अल-काझिम यांचं. हे नाव सहज दिलेलं नाही. मूसा अल-काझिम हे शियांचे सातवे इमाम, बगदादजवळ काझिमियाला त्यांची दर्गाह. अधिकारी जवळपास सगळे सुन्नी, ऑटोमन शाळेतले. शिपाई व्हायला हवेत शिया शेतकऱ्यांचे मुलगे. तेव्हा नाव तरी त्यांच्या इमामाचं. नुरी परत आले ते या सैन्याचे प्रमुख अधिकारी झाले. मेहुणा मंत्री, मेहुणा सेनानी.

आता १९२४, जिथे मी जाफर यांची बाजू पूर्ण घेऊ शकत नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये ते पंतप्रधान झाले. काम एकच होतं: १९२२ चा ब्रिटन-इराक करार संविधान सभेकडून मंजूर करून घेणं. करारात इराकला राजा, मंत्रिमंडळ, संसद सगळं होतं, आणि परराष्ट्र व्यवहार, सैन्य, पैसा यांच्यावर इंग्रजांचा सल्ला ‘मानायचा’ होता. मार्चमध्ये सभा भरली. बाहेर वकील आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, कराराच्या बाजूच्या दोन सदस्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, सभा आठवडेच्या आठवडे रेंगाळली. शेवटी ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री डॉब्सने निर्वाणीचं सांगितलं: १० जूनच्या मध्यरात्रीपर्यंत मंजुरी, नाहीतर सभा बरखास्त. मग रात्री घराघरांतून सदस्यांना उठवून आणलं. शंभरांपैकी ६९ जमले. ३७ बाजूने, २४ विरुद्ध, ८ तटस्थ. करार मंजूर.

हे लाजिरवाणं होतं आणि जाफर यांना ते कळत होतं असं मला वाटतं. मंजुरीला एक अट जोडली गेली: मोसुल प्रांत इराकच्या हातून गेला तर हा करार रद्द. सगळा पेच त्या अटीत आहे. तुर्कस्तान मोसुल मागत होता, निर्णय राष्ट्रसंघात व्हायचा होता, आणि तिथे इराकची बाजू मांडणारं ब्रिटनशिवाय कुणी नव्हतं. करार फेकून दिला असता तर मान ताठ राहिली असती आणि कदाचित मोसुल गेलं असतं. डिसेंबर १९२५ मध्ये राष्ट्रसंघाने मोसुल इराकला दिलं. तुम्ही जाफर यांच्या जागी असता तर त्या रात्री काय केलं असतं, हा प्रश्न मी वर्गात विचारायचो. हात वर होत ते निम्मे-निम्मे. त्याच सभेने राज्यघटनाही मंजूर केली, आणि ऑगस्टमध्ये जाफर यांनी पद सोडलं.

त्यांना पद सोडताना त्रास व्हायचा नाही, हीसुद्धा एक गंमत. खुर्ची गेली की ते इराकचे प्रतिनिधी म्हणून लंडनला जात. वीस आणि तिसाच्या दशकांत हे पुन्हा पुन्हा घडलं. बसवलेल्या राजाचा वकील, बसवणाऱ्यांच्या राजधानीत. जाफर यांनी ही भूमिका शब्दशः घेतली. चाळिशी ओलांडल्यावर, माजी पंतप्रधान असताना, ते लंडनच्या ग्रेज इनमध्ये कायदा शिकायला बसले आणि बॅरिस्टर झाले. करारांवर इंग्रजांशी वाद घालायचा तर त्यांचा कायदा त्यांच्याच शाळेत शिकून घ्यावा, असा विचार असणार. माणूस मिस्कील, गोष्टीवेल्हाळ आणि जेवणाच्या टेबलावर कुणालाही आपलंसं करणारा. लहान देशाच्या वकिलाकडे तोफा नसतात. त्याने काय वापरायचं? जाफर यांनी हसणं वापरलं.

दुसरं पंतप्रधानपद, १९२६ ते १९२८, थोडक्यात उरकतो. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आणायचा त्यांनी प्रयत्न केला. इंग्रजांना तो नको होता, शिया आणि कुर्द भागांनाही नको होता. आपली मुलं सुन्नी अधिकाऱ्यांच्या हाताखाली कशाला द्यायची? डिसेंबर १९२७ मध्ये लंडनला नवा करार सह्यांपर्यंत गेला, पण मंजूर कधीच झाला नाही. जानेवारीत राजीनामा. नुरींच्या काळात १९३० चा करार झाला, ३ ऑक्टोबर १९३२ ला इराक राष्ट्रसंघाचा सभासद झाला, आणि १९३४ मध्ये सक्तीची भरतीही आली. १९२० च्या दशकात साडेसात हजारांच्या आसपास अडवून ठेवलेलं सैन्य १९३६ पर्यंत दुपटीहून बरंच मोठं झालं.

आणि त्या सैन्याला मधल्या काळात एक सवय लागली. ऑगस्ट १९३३ मध्ये सिमेले इथे असिरियन लोकांची कत्तल झाली. त्या मोहिमेचा सेनानी बक्र सिदकी बगदादला परतला तेव्हा त्याचं वीरासारखं स्वागत झालं. पुढच्याच महिन्यात फैसल स्वित्झर्लंडमध्ये वारले. गादीवर आला विशीतला गाझी. मग १९३५-३६ मध्ये मध्य युफ्रातीसच्या टोळ्यांनी बंडं केली. सरकार यासीन अल-हाशिमींचं, नुरी परराष्ट्रमंत्री, जाफर संरक्षणमंत्री, आणि बंडं चिरडणारा पुन्हा बक्र सिदकी. स्वतःच्या प्रजेवर फौज पाठवणाऱ्या त्या मंत्रिमंडळात जाफर बसले होते, हे विसरून त्यांना नुसतं हुतात्मा करणं मला पटत नाही. संधिसाधूपणाचा आरोप खोटा, पण हा आरोप खरा आहे.

२९ ऑक्टोबर १९३६. सैन्यप्रमुख ताहा अल-हाशिमी परदेशात होते, त्यांच्या जागी हंगामी प्रमुख बक्र सिदकी. सकाळी बगदादवर विमानांतून पत्रकं पडली: यासीन यांना काढा, त्यांचे राजकीय विरोधक हिकमत सुलेमान यांना पंतप्रधान करा. दुपारच्या आधी सरकारी इमारतींच्या आसपास बाँब पडले. फौज बाकूबाच्या बाजूने शहराकडे निघाली होती. राजवाड्यात मंत्री जमले. राजाने बक्रला थांबायला सांगणारं पत्र लिहिलं आणि ते पोचवायला जाफर स्वतः पुढे झाले. हे सैन्य त्यांनी कागदावरून उभं केलेलं, अर्ध्याअधिक अधिकाऱ्यांना नावाने हाक मारणारा माणूस. आपण समोर उभे राहिलो तर ऐकतील, असा त्यांचा हिशेब होता. गंमत अशी की बक्रचाही हिशेब तोच होता. जाफर फौजेपर्यंत पोचले तर जवान त्यांचंच ऐकतील, ही त्याला भीती. म्हणून त्याने वाटेतच आपले अधिकारी पाठवले. त्यांनी जाफर यांना गाठलं, गोळ्या घातल्या आणि रस्त्याकडेच्या वाळूत पुरून टाकलं.

अरब जगातला हा पहिला आधुनिक लष्करी उठाव मानतात. पुढे इराकमध्ये १९४१ पर्यंत असे आणखी किती झाले ते मोजायला बोटं पुरत नाहीत म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण एका हाताची पुरत नाहीत. यासीन सीरियाकडे गेले आणि काही महिन्यांत बैरूतला वारले. नुरींनी ब्रिटिश वकिलातीत आसरा घेतला आणि ब्रिटिश विमानाने ते इजिप्तला निसटले. बक्रची चूक लवकरच अंगाशी आली: सरकार पाडलं म्हणून त्याच्यावर न चिडलेले अधिकारी जाफर यांच्या खुनाने बिथरले. ११ ऑगस्ट १९३७ ला मोसुलमध्ये बक्रलाच गोळ्या घातल्या गेल्या.

आणि नुरी. साटंलोट्यातला मेहुणा, शाळेपासूनचा सोबती. १९३८ च्या अखेरीस ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि १९३९ मध्ये हिकमत सुलेमान यांच्यावर खटला उभा राहिला. फाशीची शिक्षा झाली, मग ती तुरुंगवासावर आली. त्या खटल्यातले आरोप किती खरे, यावर वाद आहे. त्यामागे जाफर यांचं रक्त होतं यावर फारसा नाही. पुढची वीस वर्षं नुरींनी कुणावर विश्वास ठेवला नाही, अधिकाऱ्यांवर तर नाहीच. त्यांचा संशयी, कडवट कारभार वाचताना मला नेहमी वाटतं की १९३६ आधीचे नुरी आणि नंतरचे नुरी ही वेगळी माणसं आहेत.

जाफर यांचं दफन नंतर बगदादच्या अदमियामधल्या राजघराण्याच्या कबरस्तानात झालं. फैसल आणि गाझी तिथेच आहेत. आणि ६ जानेवारी हा इराकमध्ये आजही सैन्यदिन म्हणून पाळतात. राजेशाही गेली, बाथ पक्ष आला आणि गेला, ती तारीख कुणी बदललेली नाही.